सही केली की कागद तुमचा राहत नाही

वाचकांचे प्रश्न : चेक, वचनचिठ्ठी, हुंडी आणि कमर्शियल पेपर

मागच्या अंकात चेक बाउन्सवर एक छोटंसं उत्तर दिलं होतं, त्यावर इतके प्रश्न आले की ह्यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. नावं-गावं काढलीयेत, सारखे प्रश्न एकत्र केलेत. बहुतेक उत्तरं एकाच कायद्यातली आहेत, १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, खाली मी त्याला नुसतं एनआय ॲक्ट म्हणतो. तुमची केस चालू असेल तर कागद वकिलाला दाखवाच, इथे फक्त पाया समजून घेऊ.

प्रश्न : सर, माझं फॅब्रिकेशनचं काम आहे. एका गिऱ्हाइकाने ८०,००० चा चेक दिला, क्रॉस केलेला नव्हता. मी तोच चेक मागे सही करून माझ्या लोखंडवाल्याला दिला. त्याने भरला तर बाउन्स. आता गिऱ्हाईक म्हणतंय तुझं काम खराब होतं, पैसे देणार नाही, आणि लोखंडवाला म्हणतो तुमच्या भांडणाशी माझं घेणंदेणं नाही. बरोबर कोण?

लोखंडवाला. आणि तो का बरोबर हे एकदा कळलं ना, तर ह्या कायद्यातलं निम्मं कळलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

साधी वस्तू घ्या. चोरीची सायकल तुम्ही कितीही प्रामाणिकपणे पैसे मोजून घेतली तरी मूळ मालक आला की ती द्यावी लागते, कारण चोराकडे जे नव्हतंच ते तो तुम्हाला देणार कुठून. साधं येणं दुसऱ्याच्या नावावर केलं तरी तसंच, म्हणजे माझं तुमच्याकडे येणं आहे आणि ते मी तिसऱ्याला दिलं, तर तुमच्या माझ्याबद्दल ज्या तक्रारी आहेत त्या सगळ्या त्या तिसऱ्याच्या पण डोक्यावर बसतात. व्यापारात असं चालत नाही. हातातला कागद घेताना प्रत्येकजण मागच्या चार सौद्यांची चौकशी करत बसला तर कागद कोणी घेणारच नाही. म्हणून चेक, वचनचिठ्ठी (इतके पैसे देईन असं सही केलेलं लेखी वचन) आणि हुंडी (अमक्याला इतके पैसे दे असा दुसऱ्याला लिहिलेला हुकूम) ह्या तीन कागदांसाठी कायद्याने उलटा नियम केला : ज्याने मोबदला देऊन, पैसे देय व्हायच्या आधी, आणि देणाऱ्याच्या हक्कात काही खोट आहे अशी शंका यायचं कारण नसताना कागद घेतला, त्याचा हक्क स्वच्छ. त्याला कायद्यात होल्डर इन ड्यू कोर्स म्हणतात, कलम ९. मागच्या लोकांची भांडणं त्याच्यापर्यंत पोचत नाहीत.

ही कल्पना आपल्या कायद्याहून जुनी आहे. १७५८ साली इंग्लंडमध्ये मिलर विरुद्ध रेस असा खटला झाला. टपालावर दरोडा पडून चोरीला गेलेली बँक ऑफ इंग्लंडची एक नोट फिरत फिरत एका खाणावळवाल्याकडे आली, त्याने तिचा पूर्ण मोबदला दिला होता, आणि बँकेने चोरीची नोट म्हणून ती अडवली. लॉर्ड मॅन्सफिल्डने निकाल खाणावळवाल्याच्या बाजूने दिला, कारण पैशासारखा फिरणारा कागद प्रामाणिक माणसाच्या हातात अडकवून ठेवला तर व्यापारच बसेल. आपला १८८१ चा कायदा त्याच वळणाचा आहे.

आता तुमचं बघू. लोखंडवाल्याने माल दिलाय म्हणजे मोबदला आहे, तुमच्या गिऱ्हाइकाची कुरबुर त्याला माहीत नव्हती, आणि कलम ११८ प्रमाणे तो होल्डर इन ड्यू कोर्स आहे असं कोर्ट आधी धरूनच चालतं, नाही म्हणणाऱ्याने सिद्ध करायचं. त्यामुळे काम खराब होतं हे गिऱ्हाईक तुम्हाला ऐकवू शकतं, त्याला नाही. लोखंडवाला गिऱ्हाइकावर चेक बाउन्सची केस टाकू शकतो. आणि, हे तुम्हाला आवडणार नाही, तो तुमच्याकडूनही पैसे मागू शकतो, कारण मागे सही करणं म्हणजे नुसतं नाव लिहिणं नाही, चेक वटला नाही तर मी भरून देईन असा शब्द त्यात येतो, फक्त चेक परत आल्याची सूचना त्याने तुम्हाला वेळेत द्यायला हवी. तुमच्यावर फौजदारी नाही होत, चेक बाउन्सचा गुन्हा ठरवणारं कलम १३८ फक्त चेक काढणाऱ्यावर लागतं, पण दिवाणी जबाबदारी आहेच. तुम्ही पैसे भरले तर मग गिऱ्हाइकाशी तुमचं तुम्ही बघा, तिथे मात्र खराब कामाचा मुद्दा निघणार.

एक मात्र आहे, असा प्रसंग आता क्वचितच येतो कारण बहुतेक चेकवर दोन रेघा मारून अकाउंट पेयी लिहिलेलं असतं आणि बँक तो चेक ज्याच्या नावाचा आहे त्याच्याच खात्यात जमा करते, पुढे फिरवायचा प्रश्नच येत नाही. आणि रेघांमध्ये नॉट निगोशिएबल लिहिलं असेल तर चेक पुढे देता येतो पण घेणाऱ्याला देणाऱ्यापेक्षा जास्त हक्क मिळत नाही, म्हणजे वरची सगळी जादू बंद. चेक देणाऱ्यांनो, रेघा मारायला दोन सेकंद लागतात, मारत जा.

प्रश्न : कर्ज घेताना सावकाराने तीन कोरे सही केलेले चेक सिक्युरिटी म्हणून ठेवून घेतले. मी बरेचसे पैसे फेडले, आता त्याने एका चेकवर पूर्ण रक्कम टाकून भरला आणि बाउन्स केला. चेकवर अक्षर माझं नाही, हे सांगितलं की सुटतो ना?

नाही सुटत. हा प्रश्न सात-आठ पत्रांत आहे आणि सगळ्यांचा भरवसा अक्षरावरच दिसतो. सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये बीर सिंग विरुद्ध मुकेश कुमार ह्या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की सही तुमची आहे आणि चेक तुम्ही स्वतःहून दिलाय तर बाकीचा मजकूर कोणी भरला ह्याने फरक पडत नाही, तो चेक देणं फेडण्यासाठीच दिलाय असं कलम १३९ खाली गृहीत धरलं जाणार. कोरा चेक देणं म्हणजे समोरच्याला तो भरायची परवानगी देण्यासारखंच आहे.

सिक्युरिटी चेक होता हे वाक्यही एकटं उपयोगाचं नाही. चेक दिला त्या दिवशी किंवा तो भरला त्या दिवशी देणं प्रत्यक्षात उभं होतं का, एवढं कोर्ट बघतं. कर्ज दिलंय, हप्ता थकलाय आणि त्याच हप्त्याचा चेक भरलाय तर सिक्युरिटी म्हणा की अजून काही म्हणा, कलम १३८ लागतंच. उलट ऑर्डरपोटी ॲडव्हान्स चेक दिला, ऑर्डर रद्द झाली, माल आलाच नाही, तर तिथे देणंच नाही, २०१४ च्या इंडस एअरवेजच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने तसंच म्हटलं.

तुमच्या हातात खरं हत्यार आहे ते फेडलेल्या पैशांचं. २०२२ मध्ये दशरथभाई पटेल विरुद्ध हितेश पटेल केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की चेक दिल्यानंतर मधल्या काळात काही रक्कम फेडली असेल तर ती चेकवर नोंदवून उरलेल्या रकमेपुरताच तो भरता येतो, पूर्ण रकमेचा भरला आणि परत आला तर ते देणं कायद्याने वसूल करण्यासारखं देणं राहत नाही आणि कलम १३८ चा गुन्हा होत नाही. म्हणजे तुम्ही बँकेतून, यूपीआयने जे जे दिलंय त्याचं स्टेटमेंट काढा. रोख दिलं असेल आणि पावती नसेल तर अवघड आहे, खोटं कशाला बोलू.

गृहीत धरलेली गोष्ट तुम्हाला खोडता येते, आणि त्यासाठी संशयापलीकडचा पुरावा लागत नाही, तुमचं म्हणणं जास्त शक्य वाटतंय इतपत दाखवलं तरी पुरतं, आणि ते समोरच्याच्या उलटतपासणीतून पण दाखवता येतं. २०१० च्या रंगप्पा केसपासून हेच चालत आलंय. पण त्याची नोटीस आली की उत्तर द्या, लेखी द्या, त्यात फेडीचे आकडे तारखेवार टाका. बरेच लोक नोटीस कपाटात ठेवतात आणि दोन वर्षांनी कोर्टात पहिल्यांदा सांगतात की मी फेडलं होतं. तेव्हा ते कोणाला पटणार?

पुढच्या वेळी कोणी कोरा चेक मागितलाच तर निदान रकमेचा आकडा तरी टाका, अकाउंट पेयीच्या रेघा मारा, आणि चेक नंबर लिहून हे कशापोटी दिलेत असं एका कागदावर घेणाऱ्याची सही घ्या. कर्ज फिटलं की चेक परत मागा. नंतर स्टॉप पेमेंट करून वाचता येत नाही, १९९८ पासून कोर्टाची भूमिका अशी की स्टॉप पेमेंटमुळे परत आलेला चेकही कलम १३८ मध्ये बसू शकतो, खातं बंद केलं तरी बसतो, सही मुद्दाम वेगळी केली तरी बसतो. खात्यात पुरेसे पैसे होते आणि पेमेंट थांबवायला खरं कारण होतं हे दाखवता आलं तर गोष्ट वेगळी.

प्रश्न : चेक परत आलाय. किती दिवसांत काय करायचं? प्रत्येकजण वेगळं सांगतो.

तारखा घालून सांगतो. समजा बँकेचा रिटर्न मेमो, म्हणजे चेक परत आल्याची चिठ्ठी, तुम्हाला १० जूनला मिळाला. तिथून ३० दिवसांत म्हणजे १० जुलैपर्यंत लेखी नोटीस गेली पाहिजे. समजा त्याला ती १५ जुलैला मिळाली. आता त्याला पैसे द्यायला १५ दिवस, म्हणजे ३० जुलै संपेपर्यंत. नाही दिले तर ३१ जुलैला तुमचा तक्रारीचा हक्क तयार होतो आणि तिथून एक महिन्यात, म्हणजे ३१ ऑगस्टपर्यंत, मॅजिस्ट्रेटकडे तक्रार. त्याची १५ दिवसांची मुदत संपायच्या आधीच घाईने तक्रार टाकली तर ती टिकत नाही, आणि महिना उलटून गेला तर उशिराचं पटेल असं कारण देऊन माफी मागावी लागते. नोटिशीला मात्र अशी माफी नाही, ती ३० दिवसांत गेलीच पाहिजे. चुकली तर एक वाट उरते, चेकची मुदत शिल्लक असेल तर तो परत भरायचा आणि नव्या मेमोपासून नवीन घड्याळ, सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये ह्याला मान्यता दिलीय. चेकची मुदत तारखेपासून ३ महिने, १ एप्रिल २०१२ पासून, त्याआधी ६ होती, काहीजण अजून सहाच धरून बसलेत.

नोटिशीत चेकचीच रक्कम मागा. व्याज, खर्च, मनस्ताप हे मागायचं असेल तर वेगळ्या ओळीत वेगळं लिहा, सगळं एकत्र करून एक मोठा आकडा टाकला की समोरचा वकील तिथेच धरतो. आणि समोरच्याने पाकीट घेतलं नाही तर? पत्ता बरोबर असेल आणि रजिस्टर पोस्टाने पाठवली असेल तर नोटीस मिळाली असंच धरतात. २००७ च्या अलवी हाजी केसमध्ये कोर्टाने वर हे पण सांगितलं की मला नोटीस मिळालीच नाही म्हणणाऱ्याने समन्स मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरावेत, ते भरत नसेल तर ही तक्रार त्याने करू नये. पाकीट परत आलं तर फाडू नका, बंदच ठेवा, कोर्टात लागतं.

केस कुठे टाकायची ह्यावर मधे बराच गोंधळ होता. २०१४ मध्ये दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य ह्या निकालाने चेक काढणाऱ्याच्या बँकेच्या ठिकाणी जायला सांगितलं, त्यामुळे हजारो केसेस इकडून तिकडे गेल्या, मग २०१५ मध्ये कायदाच बदलला. आता तुम्ही चेक तुमच्या खात्यात भरला असेल तर तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथलं कोर्ट.

शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही. २०१८ च्या दुरुस्तीनंतर केस चालू असतानाच कोर्ट २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई द्यायला सांगू शकतं. पण तुमचा हेतू पैसे मिळवणं असेल, आणि बहुतेकांचा तोच असतो, तर केस कुठल्याही टप्प्यावर मिटवता येते हे लक्षात ठेवा, आणि त्याच चेकवर दिवाणी कोर्टात समरी सूट, म्हणजे झटपट चालणारा दावाही टाकता येतो, तिथे समोरच्याला बचाव करायला आधी कोर्टाची परवानगी लागते. फौजदारीची तारीख हुकली म्हणून पैसे बुडाले असं नाही.

प्रश्न : मित्राला हातउसने ३ लाख दिले, त्याने साध्या कागदावर लिहून सही करून दिली. ही वचनचिठ्ठी धरतात का? तिकीट लावलेलं नाही.

आधी कागदावर नेमकं काय लिहिलंय ते वाचा. "मी अमुककडून ३ लाख घेतले" किंवा "मी ३ लाख देणे लागतो" ही फक्त कबुली झाली. "मागाल तेव्हा ३ लाख परत देईन" ही वचनचिठ्ठी, कारण त्यात देण्याचं वचन आहे, रक्कम ठरलेली आहे, कोणाला ते ठरलेलं आहे आणि अट नाही. "प्लॉट विकला की देईन" असं असेल तर अट आली, वचनचिठ्ठी गेली, करार म्हणून मात्र बघता येईल.

आता तिकीट. इथे लोक फसतात. बाकीच्या बहुतेक कागदांवर मुद्रांक कमी पडला तर दंड भरून तो कोर्टात पुरावा म्हणून चालवून घेता येतो, वचनचिठ्ठीला ही सवलतच नाही. मागणीबरोबर देय असलेल्या वचनचिठ्ठीवर ड्युटी आहे किती, तर कायद्याच्या कोष्टकात १००० च्या वरच्या रकमेला २५ पैसे, लोक एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावतात आणि त्यावरून सही करतात. एवढ्याशा तिकिटापायी ३ लाखांचा कागद निकामी होतो आणि नंतर चिकटवून भागत नाही. मग तुम्हाला कर्ज वेगळ्या पुराव्याने सिद्ध करावं लागणार, बँक ट्रान्सफर, मेसेज वगैरे, आणि ते जमेल का हे कागद बघूनच सांगता येईल. मित्र अजून बोलतोय ना? मग आजच त्याच्याकडून तिकीट लावून नवीन लिहून घ्या.

मुदत तीन वर्षं आणि मागणीवर देय वचनचिठ्ठीत ती चिठ्ठीच्या तारखेपासून धावते, तुम्ही मागितलं त्या दिवसापासून नाही. मैत्रीत आपण मागत नाही आणि तिकडे वर्षं निघून जातात. मुदत संपायच्या आत त्याने सही करून लेखी कबुली दिली किंवा थोडे पैसे दिल्याची लेखी नोंद त्याच्या सहीने झाली तर तिथून परत तीन वर्षं. व्याजाचा दर लिहिला नसेल तर कलम ८० प्रमाणे वर्षाला १८ टक्के. आणि "हा कागद आणणाऱ्यास देईन" असं कधी लिहून घेऊ नका, बेअररला देय वचनचिठ्ठी काढायला रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम ३१ ने सामान्य माणसाला बंदी आहे, तशी चालली असती तर प्रत्येकाने आपापली नोट छापली असती.

प्रश्न : चेकवर अंकात ५०,००० आणि अक्षरात पाच हजार असं झालं तर? आणि चेक मराठीत लिहिला तर चालतो का? निळी की काळी शाई?

कायदा म्हणतो अक्षरातली रक्कम खरी, कलम १८. प्रत्यक्षात बँक वाद नको म्हणून चेक परतच करते. मराठीत लिहिलेला चेक चालतो, रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे ग्राहक हिंदी, इंग्रजी किंवा त्या प्रदेशाच्या भाषेत चेक लिहू शकतो. शाईचा रंग रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलेला नाही, व्हॉट्सॲपवर फिरतंय ते सोडून द्या, फक्त स्कॅनमध्ये नीट उमटेल आणि पुसली जाणार नाही अशी वापरा, कारण आता कागद बँकेतून बँकेत जातच नाही, त्याची इमेज जाते. त्याच कारणाने खाडाखोड करून शेजारी सही हा जुना प्रकार बंद झालाय, चुकलं तर नवीन चेक फाडा. रक्कम किंवा नाव देणाऱ्याच्या संमतीशिवाय बदललं तर कलम ८७ प्रमाणे तो कागद त्याच्याविरुद्ध रद्दच.

प्रश्न : आजोबांच्या पेटीत जुन्या हुंड्या सापडल्या. हुंडी म्हणजे चेकच ना? आता चालते का?

चुलत नातं आहे. चेकमध्ये तुम्ही बँकेला सांगता की अमक्याला पैसे दे. हुंडीत किंवा बिल ऑफ एक्स्चेंजमध्ये तुम्ही कोणालाही सांगता, समजा तुमच्याकडून माल घेतलेल्या व्यापाऱ्याला, की ९० दिवसांनी इतके पैसे अमक्याला दे. तो व्यापारी त्यावर "मान्य" अशी सही करतो आणि त्या क्षणापासून मुख्य देणेकरी तो होतो. चेकमध्ये अशी मान्यता नसते, बँकेची जबाबदारी तिच्या खातेदाराशी असते, तुमच्याशी नाही. मान्य केलेली हुंडी घेऊन तुम्ही बँकेत जाता, बँक थोडा कट कापून आजच पैसे देते आणि ९० दिवसांनी व्यापाऱ्याकडून वसूल करते, हे डिस्काउंटिंग. आत्ता छोट्या उद्योगांची येणी ऑनलाइन लिलावात विकायचे ट्रेड्स प्लॅटफॉर्म आहेत, त्यांच्यामागे कल्पना हीच, कागद तेवढा गेला.

दर्शनी हुंडी दाखवली की पैसे, मुदती हुंडी मुदतीनंतर, शाहजोग हुंडी फक्त शाहाला (पत असलेल्या व्यापाऱ्याला) द्यायची म्हणजे पैसे कोणाच्या हातात गेले ते शोधता येतं, आणि जोखमी हुंडीत माल सुखरूप पोचला तरच पैसे, म्हणजे उधारी आणि विमा एकाच कागदात. १८८१ चा कायदा करताना इंग्रजांनी ह्या पद्धती मोडल्या नाहीत, पहिल्याच कलमात देशी भाषेतल्या कागदांचे स्थानिक रिवाज राखून ठेवलेत. हे मला त्या कायद्यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाक्य वाटतं. मुदतीच्या कागदाला वर तीन दिवस ग्रेसचे मिळतात, ३१ ऑगस्टची तीन महिन्यांची हुंडी ३० नोव्हेंबर अधिक तीन म्हणजे ३ डिसेंबरला देय, आणि त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी आली तर नंतरचा नाही, आधीचा कामाचा दिवस. तुमच्या पेटीतल्या हुंड्यांची वसुलीची मुदत कधीच संपली, पण जपून ठेवा.

प्रश्न : एजंट म्हणतो एफडीपेक्षा कंपनीच्या कमर्शियल पेपरमध्ये जास्त मिळतं आणि हा पण चेकसारखाच कागद आहे, कायद्याचं संरक्षण आहे. घ्यावा का?

अर्धं खरं सांगून तो विकतोय. कमर्शियल पेपर ही कंपनीने काढलेली वचनचिठ्ठीच आहे, आपल्याकडे १९९० मध्ये रिझर्व्ह बँकेने सुरू केली. मुदत ७ दिवस ते १ वर्ष, कमीत कमी ५ लाख आणि त्याच्या पटीत, डीमॅटमध्येच मिळतो. व्याज वेगळं देत नाहीत, कमी किमतीत विकतात आणि मुदतीला पूर्ण रक्कम देतात, म्हणजे ८ टक्के दराने ९१ दिवसांचा ५ लाखांचा पेपर सुमारे ४,९०,२०० ला पडेल.

आता जे एजंट सांगत नाही ते. त्याच्यामागे तारण काहीच नाही, नुसती कंपनीची पत. एफडीला ५ लाखांपर्यंत ठेव विमा आहे, ह्याला नाही. आणि चेकसारखा अजिबात नाही, कारण कलम १३८ फक्त चेकला लागतं, वचनचिठ्ठी बुडाली तर कोणी गुन्हेगार होत नाही, तुम्ही रांगेतले एक विनातारण सावकार होता. रेटिंग, म्हणजे कंपनीच्या पतीला मिळालेला दर्जा, सक्तीचं आहे, पण २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ह्या वित्त कंपन्यांच्या गटाचे पेपर थकले तेव्हा त्या गटाला काही आठवड्यांपूर्वीपर्यंत वरचंच रेटिंग होतं. हा बाजार बँका, म्युच्युअल फंड आणि मोठ्या कंपन्यांचा आहे, ते वीस ठिकाणी पैसे पसरून ठेवतात. तुमचे ५ लाख एकाच कंपनीत जाणार असतील तर मी नाही म्हणेन.

प्रश्न : कंपनीत डायरेक्टर होतो, राजीनामा दिला, आता कंपनीच्या बाउन्स चेकची नोटीस मला आली.

कलम १४१ प्रमाणे गुन्हा घडला तेव्हा जो कारभार बघत होता तो जबाबदार, नुसतं डायरेक्टर असणं पुरत नाही. राजीनामा चेकच्या आधीचा असेल आणि कंपनी रजिस्ट्रारकडे नोंद असेल तर त्याची प्रत लावून लगेच उत्तर द्या. पण चेकवर सही तुमचीच असेल तर प्रकरण वेगळं. आणि तक्रारीत कंपनीलाच आरोपी केलं नसेल तर डायरेक्टरवर केस चालत नाही, सुप्रीम कोर्टाची अनिता हाडा केस, २०१२, हे तुमच्या वकिलाला विचारा. जाता जाता, अजून पदावर असलेल्यांसाठी : वचनचिठ्ठी किंवा हुंडीवर कंपनीतर्फे सही करताना "करिता" आणि हुद्दा लिहा, कलम २८ प्रमाणे दुसऱ्यासाठी सही करतोय हे कागदावरून दिसलं नाही तर ती जबाबदारी स्वतःची होते.

प्रश्न : चेक नाही, हप्ता खात्यातून ऑटो कट होतो. तो बाउन्स झाला तर नुसता चार्जच लागतो ना?

नाही. पैसे कमी म्हणून इलेक्ट्रॉनिक डेबिट परत गेलं तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स ॲक्ट २००७ चं कलम २५ आहे, त्यात नोटीस, १५ दिवस, दोन वर्षांपर्यंत शिक्षा, सगळं कलम १३८ च्या धर्तीवर. बँकेचा चार्ज वेगळा. खात्यात पैसे नसणार हे आधी कळलं तर हप्त्याच्या तारखेआधीच कर्ज देणाऱ्याला लेखी कळवून तारीख बदलून मागा, आणि त्याचं उत्तर जपून ठेवा.